पानाचा पन्हा

भोरच्या पेठेत मौलाली टेलरचं नाव काढलं की माणूस आधी हसायचा आणि मग दुकानाची वाट सांगायचा. शिवण त्यांची पक्की. काजं हातानं घातलेली, बटण फुटेल पण दोरा निघणार नाही. पण मापाच्या बाबतीत मौलालीचाचांचं एक खूळ होतं. पोराचा कपडा ते पोराच्या मापाचा कधी शिवत नसत. पोर पुढंमागं जेवढं होईल असं त्यांना वाटे, तेवढ्या मापाचा शिवत.

वेल्ह्याकडचा गोरख भोरला आत्याकडं राहून शिकला. पाचवीला चाचांनी त्याला खाकी चड्डी शिवली. ती घालून तो शाळेत गेला, तेव्हा मास्तर म्हणाले, "चड्डी आली, पोरगं कुठाय?" मग आठवीत ती चड्डी बरोब्बर बसली, आणि त्याच वर्षी शाळेनं फुलपँटची सक्ती केली. ही गोष्ट चाचा स्वतःच गिऱ्हाइकाला सांगायचे आणि वर म्हणायचे, "पण आठवीत बसली का न्हाई, ते बोला की!"

शिवणीच्या आत थोडा जास्तीचा कपडा दुमडून ठेवतात, पुढं उसवून सोडता यावा म्हणून. त्याला शिंपी लोक माया म्हणतात. चाचांच्या कपड्यात कपडा कमी आणि माया जास्त.

त्यांची थोरली लेक फौजिया. मशिनीच्या पायाशी चिंध्यांत खेळत वाढलेली. कुणी कापड घेऊन आलं की अब्बांनी विचारायच्या आधी हीच विचारायची, "पन्हा किती?" पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. पन्हा कळला की मग किती मीटर लागेल, कुठं जोड येईल, सगळं ठरतं. पुढं ती बी.कॉम. झाली, कॉम्प्युटर शिकली आणि पेठेतल्याच एका क्लासात शिकवायला लागली. इंटरनेटवरची पानं कशी बनवायची हे तिनं पुस्तकं वाचून स्वतःचं स्वतः उचललं. तिथंही तिची खोड गेली नाही. नवं पान उघडलं की पोरांना म्हणायची, "पहिलं सांगा, पानाचा पन्हा किती?" पोरं हसायची. ती म्हणायची, "हसा. जोड भलत्या जागी आला की रडाल."

तर दोन हजार चार साल असावं. फौजिया क्लासात बसली होती, तेवढ्यात जिन्यावरनं अब्बांची हाक आली. त्यांच्या मागं गोरख. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. हाच तो चड्डीवाला गोरख, पण आता घरचं शेत बघणारा बाप्या झालेला.

"तुजी आई बरी हाय का?" एवढंच तो फौजियाला बोलला आणि बाकावर बसून ढसाढसा रडायला लागला.

झालं होतं असं. गोरखचा बाप सोनबा. वय झालेलं, त्यात अलीकडं विसरायला लागलेला. समोरच्याला ओळखायचा, पण मधेच विचारायचा, तू कुणाचा? त्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून गोरख त्याला पुण्याहून घरी आणत होता. स्वारगेटला बापाला बाकावर बसवून, "हलू नगंस बाबा, तिकटाचं बगून आलो," म्हणून तो खिडकीशी गेला. परत आला तर बाक मोकळा. सगळं स्टँड पालथं घातलं, चौकीत नोंद केली, पेपरात बारीक अक्षरात छापून आणलं. म्हाताऱ्याचा पत्ता नाही.

"एका डोळ्यावर हिरवी पट्टी हाय," गोरख म्हणाला. "गाव इचारलं तर सांगंल का न्हाई, म्हाईत न्हाई. आई वेल्ह्यात रखमाजीच्या दुकानात फोनपाशी बसून हाय. जेवत न्हाई. म्हणती, मी उठले आन् फोन वाजला तर?"

गोरखच्या वाडीत फोन नव्हता. वेल्ह्याच्या बाजारात रखमाजीचं किराणा दुकान, तिथला फोन हाच त्यांचा फोन.

फौजियानं विचार केला. भोर-वेल्ह्याची पुष्कळ पोरं पुण्यात शिकतात, नेट कॅफेत जातात, एकमेकांना मेल करतात. तिचा मामेभाऊ झुल्फिकार तर स्वारगेटजवळच्या एका कॅफेतच कामाला होता. म्हाताऱ्याचं एक पान करून नेटवर चढवलं, तर ते सगळीकडं एकदम उघडता येईल, आणि छापून खांबाखांबावर लावताही येईल.

"फोटो हाय?" तिनं विचारलं.

गोरखनं खिशातनं स्वतःच्या लग्नातला फोटो काढला. सोनबा फेटा बांधून, दात दाखवून हसत होता.

ती लगेच कामाला लागली. तेव्हा मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन दिसायची, म्हणून तिनं मजकुराची चित्रंच करून घेतली. डावीकडं फोटो. त्याच्या शेजारी नाव, वय, डोळ्यावरची पट्टी, पांढरी बंडी, धोतर, कुठनं चुकला ते. मग थोडी मोकळी जागा, आणि अगदी उजव्या कडेला पदरासारखी एक हिरवी पट्टी वरपासून खालपर्यंत, त्यात ठळक अक्षरांत रखमाजीच्या दुकानाचा फोन नंबर.

राहिला पन्हा. पडद्याचं माप इंचात नसतं, ठिपक्यांत असतं. जुने पडदे आठशे ठिपक्यांचे. क्लासात नुकताच पुण्याहून आणलेला मोठा पडदा हजारावर चोवीसचा. आठशेच्या पडद्यात बसवायचं तर पान साडेसातशेच्या आसपास करावं लागे, आणि मग सगळं दाटीवाटीनं येई. हजार घेतलं तर मोकळं, ऐसपैस.

ती घुटमळत होती. अब्बा मागं उभे राहून बघत होते.

"काय अडलं, बेटी?"

"लहान करू का मोठं, अब्बा? जुने पडदे लहान आहेत. पण आता सगळीकडं मोठेच येणार म्हणतात."

"मग इचारतीस काय? वाढत्या अंगाचं कर. माया सोड."

आणि शिंप्याच्या लेकीला ते पटलं. हजारावर पान कापलं, चढवलं, झुल्फिकारला फोन केला. तो म्हणाला, "आपा, पान एक नंबर झालंय. मी आणि पोरं छापून चिकटवत सुटतो."

आणि पोरं खरंच सुटली. स्टँडचे खांब, रिक्षांच्या पाठी, रसवंतीच्या फळ्या, जिथं जागा मिळाली तिथं सोनबा फेटा बांधून हसायला लागला.

पण फोन काही वाजेना.

एखाद-दुसरा दिवस माणूस समजू शकतो. पुढं पुढं फौजियाचा जीव थाऱ्यावर राहीना. क्लास सुटला की ती वेल्ह्याला फोन लावायची. रखमाजी उचलायचा आणि तिचा आवाज ऐकला की म्हणायचा, "तुमीच व्हय? गोरखची आई सगुणाबाई लगीच उठून हुबी ऱ्हायली बगा. जरा सांबाळून करत जावा फोन." म्हणजे फोन करायचीही चोरी झाली. गोरख पुण्यात हॉस्पिटलं आणि देवळं पालथी घालत होता. इकडं वाडीत कुणीतरी हळूच तेराव्याचा विषय काढला, आणि सगुणाबाईनं त्या माणसाला भर बाजारात असं फैलावर घेतलं, की तो आपली छत्री रखमाजीच्या दुकानातच टाकून पळाला.

मग एके सकाळी रखमाजीचाच फोन आला. "आमी बी कॉम्पुटर घ्येतलाय. सातबाऱ्याचे अर्ज टायपायला. नेट बी हाय. म्हातारी म्हणती, आमच्या माणसाला कुठं लावलंय ते मला बगू द्या. मला काय ते पान गावंना. तुमी येता का?"

फौजिया निघाली. एसटीनं नसरापूर फाटा, तिथनं वडापची जीप. जीपमध्ये माणसं अशी भरलेली, की एकाचा हात कुणाचा आणि पाय कुणाचा हे उतरल्यावरच कळावं. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाकडं निगालीस ग?" फौजिया म्हणाली, "रखमाजीच्या दुकानात." बाईनं पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं काय कळलं का?" म्हणजे सगळ्या खोऱ्यालाच ते ठाऊक होतं.

दुकानात सगुणाबाई साखरेच्या पोत्यावर बसली होती, फोनकडं तोंड करून. वाळलेली, पण पाठ ताठ. फौजियाला बघून ती म्हणाली, "आलीस? बस. पाणी पी. रखमाजी, त्या मशिनीवरचं फडकं काड."

रखमाजीनं देवावरचं काढावं तसं कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. पडदा जुना, छोटा, कुणीतरी वापरून विकलेला. "लवकर करा," तो म्हणाला. "बारा वाजता लाईट जाती. गेली की चारशिवाय येत न्हाई."

फौजियानं नेट जोडलं. खरखर, शिट्टी, परत खरखर. मग पान उतरायला लागलं. आधी सोनबाचा फेटा आला, मग कपाळ, डोळे, हसू. सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला.

"हासतुया बगा," ती म्हणाली. "हितं हासतुया." मग पदर काढून पडद्यापाशी आली. "मला वाचता येत न्हाई. नाव कुठलं?"

"हे. सोनबा."

"आन् ह्यो फोन कुठं लिवलाय?"

फौजियानं उजवीकडं बोट नेलं आणि बोट तिथंच राहिलं. उजवीकडं मोकळी जागा होती, आणि मोकळ्या जागेनंतर पडद्याची काळी कड. नंबराची हिरवी पट्टी नव्हतीच.

तिला आधी वाटलं, अजून उतरत असेल. मग तिचं लक्ष खाली गेलं. पडद्याच्या तळाशी एक आडवी दांडी आली होती, पान पडद्याबाहेर सांडलं की येते ती. तिनं दांडी उजवीकडं ओढली. फोटो डावीकडं सरकत निघून गेला आणि कडेनं हिरवी पट्टी, तिच्यात नंबर, सगळं शहाण्यासारखं आत आलं. म्हणजे होतं. पण ज्याला ठाऊक आहे त्यालाच. फोटो आहे, मजकूर आहे, मोकळी जागा आहे. बघणाऱ्याला वाटावं पान इथंच संपलं. दांडी ओढायची कुणाला बुद्धी होईल?

तिनं दांडी पुन्हा डावीकडं ढकलली. आणि लगेच त्याच्याहून वाईट गोष्ट सुचली. कागद!

"रखमाजीकाका, हे एक छापून द्या."

"शाई लई जाती बगा त्यात, फोटो हाय—"

"छापा, काका!"

कागद कुरकुरत बाहेर आला. सोनबा होता. नाव होतं, डोळ्यावरची पट्टी होती, बंडी होती. नंबर नव्हता. कागदाची कड जिथं आली तिथं यंत्रानं पान तोडलं होतं, आणि तोड अशी बेमालूम मोकळ्या जागेत आली होती, की चांगल्या शिंप्यालाही दिसू नये.

तिनं नेट तोडलं आणि फोन झुल्फिकारला लावला.

"झुल्फी, तू जे कागद लावलेस त्यावर काय काय आहे, वाच."

"आपा, आत्ता गिऱ्हाइकं आहेत—"

"वाच म्हणते ना!"

त्यानं वाचलं. नाव, वय, पट्टी, बंडी, धोतर, स्वारगेट.

"आणि?"

"आणि काय? संपलं."

"फोन नंबर?"

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो हळू म्हणाला, "नंबर पेपरात दिलाय ना? मला वाटलं, हे नुसतं तोंड ओळखायला."

"अरे गाढवा, तोंड ओळखून काय त्याच्याशीच बोलायचं?" ती ओरडली. पण ओरडताना तिला कळत होतं, की गाढव पलीकडं नव्हतं. पोरं उन्हातान्हात फिरून खळ लावत होती आणि त्यांच्या हातात हिनंच बिननंबरचा कागद दिला होता. "तिथंच थांब. हलू नको. मी पान परत कापते."

ती पुन्हा नेट जोडायला लागली, तेव्हा सगुणाबाईनं तिचा हात धरला. रखमाजीनं तिला सांगितलं होतं, नेट चालू असलं की फोन लागत नाही, लाईन एकच.

"झालं की बगून. आता बंद ठेव," म्हातारी म्हणाली. "लाईन आडवू नगंस. एवड्यात कुणी फोन केला तर?"

फौजियानं तिच्याकडं बघितलं. सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"करणार कुणीच नाही, आई. कागदावर नंबरच नाही. माझं चुकलं. मी पान मोठं कापलं, नंबर कडेला लावला, आणि कडच बाहेर गेली. इतके दिवस कुणी बघितलं असेल तरी इथं फोन करायची सोय नव्हती."

दुकानात तराजू वाजायचा थांबला. रखमाजी गुळाच्या ढेपेकडं बघत राहिला. सगुणाबाईनं हात सोडला नाही. ती फौजियाकडं अशी बघत होती, की फौजियाला वाटलं, हिनं एक थोबाडीत दिली तर बरं होईल.

"म्हंजी," म्हातारी शेवटी म्हणाली, "म्या हितं नुसतीच बसले व्हते."

"हो."

"आन् आता नीट हुईल?"

"होईल."

"मग रडू नगंस. डोळं पूस. लाईट जाईल." तिनं हात सोडला आणि परत पोत्यावर जाऊन बसली.

फौजियानं पानाचा आतला मजकूर उघडला. हजाराच्या जागी साडेसातशे केले. मधली मोकळी जागा काढून टाकली, हिरवी पट्टी मजकुराला आणून भिडवली. पडद्यावर सगळं बसलं. नंबर दिसायला लागला. तिला वाटलं, जमलं. घड्याळाकडं बघितलं, बारा वाजत आले होते. आता चढवावं आणि झुल्फीला सांगावं, छाप म्हणून. तिचा हात फोनकडं गेलासुद्धा.

पण एकदा तोंड पोळलं होतं. "काका, आणखी एक कागद."

"आवं, आता दिसतंय की नीट! शाई—"

"रखमाजी," पोत्यावरनं आवाज आला, "तुझ्या शाईचं म्या भात देऊन भागविते. छाप."

कागद आला. नंबर होता. फौजियानं तो मोठ्यानं वाचायला घेतला आणि शेवटाला थांबली. शेवटचे दोन आकडे कागदाच्या कडेनं खाल्ले होते.

"ह्यो तर लईच वाईट," रखमाजी मान वाकवून म्हणाला. "नंबरच नसला तर माणूस गप बसतो. असला आर्धा नंबर लावला तर भलत्याच्याच घरात वाजंल आन् लोक शिव्या देतील."

फौजियाच्या लक्षात आलं. ती पडद्याच्या अंगाचं माप घेत होती. पण हे पान पडद्याला घालायचंच नव्हतं. ते घालायचं होतं कागदाला, आणि कागद काही कुणाच्या घरी वाढणार नव्हता. आज जेवढा तेवढाच उद्या.

तिनं डाव्या-उजव्या मांडणीचा हट्ट सोडून दिला. पन्हा सहाशे. शेजारी शेजारी काही नाही, सगळं एकाखाली एक. वर सोनबा, त्याच्या हनुवटीला लागून नंबर, मोठा, काळा, आणि मग नाव-गाव. पदर गेला, मोकळी जागा गेली, शोभा सगळी गेली. पान दिसायला हळदीकुंकवाच्या पाकिटाएवढं झालं. तिसरा कागद रखमाजीनं न मागता छापला. फौजियानं नंबरावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला, रखमाजीनं आपल्या फोनवर चिकटवलेल्या चिठ्ठीशी ताडून बघितला. पुरा.

ती पान चढवायला लागली. हळूहळू, गोगलगाईसारखं जायचं तेव्हा सगळं. आधी फोटो गेला. मग नंबराचं चित्र. मग शेवटी पान स्वतः जायला लागलं. अर्धं गेलं असेल, नसेल, आणि डोक्यावरचा पंखा मंदावला. पडदा एक डोळा मिटावा तसा मिटला.

"गेली," रखमाजी म्हणाला.

आता पोचलं की नाही कसं कळणार? अर्धं पोचलं असेल तर झुल्फीकडं ना जुनं पान, ना नवं. नुसती फाटकी झोळी. चार वाजेपर्यंत हात बांधून बसायचं. फौजिया दुकानात येरझाऱ्या घालायला लागली. मग तिच्या ध्यानात आलं, की नेट तुटलं म्हणजे लाईन मोकळी आहे, आणि फोनला लाईट लागत नाही.

"झुल्फी, पान उघड. नवं. काय दिसतंय?"

"पांढरं आहे, आपा."

"नीट बघ."

"पांढरंच आहे. थांब... फेटा आला. तोंड आलं..."

"खाली?"

"खाली..." आणि मग तो सावकाश, एकेक आकडा वाचायला लागला. फौजिया त्याच्या मागनं मोठ्यानं म्हणत गेली आणि रखमाजी मान हलवत गेला. सगुणाबाईला आकडे कळत नव्हते. ती त्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती. शेवटच्या आकड्याला रखमाजीची मान हलली, तेव्हा तिनं श्वास सोडला.

"आता एक छाप आणि कागदावरनं वाच," फौजिया म्हणाली.

"आपा, तू आता मला पहिलीत बसवलंस," झुल्फिकार म्हणाला. पण त्यानं छापला आणि वाचला. मग म्हणाला, "पोरं बोलावतो. जुन्यावर चिकटवून टाकतो सगळीकडं."

दुपार सरली. फौजियाला परतीची जीप गाठायची होती, पण पाय निघेना. सगुणाबाईनं डब्यातली भाकरी काढली, अर्धी तिच्या हातावर ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःही एक तुकडा मोडला. बाजारातले लोक काही ना काही निमित्त काढून दुकानात येत होते. कुणी काडेपेटी घेतली, कुणी मीठ. फोनकडं बघत नाही असं दाखवत सगळेच बघत होते. आणि छत्री विसरलेला माणूस दारातनं दोनदा डोकावून तसाच परत गेला.

उन्हं कलली आणि फोन वाजला.

रखमाजीनं हात पुढं केला, पण त्याच्या आधी सगुणाबाई पोत्यावरनं उठलेली होती. तिनं रिसिव्हर उलटा धरला. फौजियानं तो सरळ करून दिला आणि कान शेजारी लावला.

"आवं, म्हातारा चुकलाय तुमचा?" पलीकडं एका बाईचा खणखणीत आवाज. मागं गाड्यांचे हॉर्न. "मी ठकुबाई बोलती, मार्केट यार्डाच्या बाजूला भाजी इकती. एक म्हातारा मला स्टँडाच्या अलीकडं गटाराच्या कडंला बसलेला गावला. डोळ्याला पट्टी. माझ्याकडंच हाय. पोत्यांची सुतळी सोडवून दोऱ्या वळत बसतो. तुमचा कागद म्या लई दिस बगितलाय. दोन जणांकडनं वाचून घ्येतला. नंबर काय गावंना. कुणीतरी फाडून न्हेला म्हणून उलटा करून बी बगितला. आज नवा कागद चिकटवला, तवा गावला."

सगुणाबाईनं रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला.

"पर मी आशी कुणाला बी द्यायची न्हाई," ठकुबाई म्हणाली. "आधी खूण सांगा. कागदावर न्हाई आशी."

सगुणाबाईनं डोळे मिटले. फौजियाला वाटलं, ही आता घाबरून काहीतरी भलतंच बोलेल. पण म्हातारी भांडायला निघाल्यासारखी म्हणाली, "भाकरीवर चटणी वाडली तर ताट सारतो का न्हाई? गूळ पायजे म्हणतो का न्हाई?"

पलीकडं ठकुबाई मोठ्यानं हसली. "माझा डबा मोकळा केला गुळाचा तुमच्या मालकानं! या, घिऊन जावा." मग आवाज लांब गेला, "आवो बाबा, बोला, घरचा फोन हाय," आणि थोड्या वेळानं सोनबाचा आवाज आला, तक्रारीचा.

"ह्यो गोरख्या कुठं उलथलाय? तिकटाचं बगतो म्हणाला."

सगुणाबाई परत पोत्यावर बसली. "येतोय," ती म्हणाली. "गर्दी हाय खिडकीला. बसून ऱ्हा. हलू नगंस."

गोरखला झुल्फिकारनं गाठलं आणि बापलेक घरी आले. त्याचं वर्णन करत बसत नाही. वाडीतल्या कुणालाही विचारा, अजून दोन तास सांगेल. फौजियाचं सांगायचं तर, तिनं पुढं भोरात बसूनच पुष्कळांची पानं केली. लॉजवाल्यांची, तांदूळवाल्यांची, शाळांची. गिऱ्हाईक म्हणायचं, ताई, ऐसपैस करा, अरुंद पानाच्या दोन्ही बाजूंना नुसती पांढरी जागा बरी दिसत नाही. ती म्हणायची, "आधी सांगा, बघणार कोण आणि कशावर?" आणि ठरवण्याआधी गाठता येतील तेवढे जुने पडदे ती स्वतः जाऊन बघायची. मौलालीचाचा मात्र बदलले नाहीत. त्यांनी आपले कपडे वाढत्या अंगाचेच शिवले.

आणि नेटवरच्या पानावर तिनं त्याच आठवड्यात वर ठळक 'सापडले' असं चित्र लावलं. पण खांबांवरचे कागद कोण काढणार? झुल्फिकारच्या पोरांची खळ अशी, की कागद निघेल तर खांबाचा रंग घेऊनच. पुढं सोनबाचा दुसरा डोळा करायला गोरख त्याला परत पुण्याला घेऊन गेला. स्वारगेटला उतरतोय तेवढ्यात दोन रिक्षावाल्यांनी आणि एका पेरूवाल्यानं गोरखची गचांडी धरली. "म्हाताऱ्याला कुठं पळवतोस रे?" गोरख सांगून दमला, बाप आहे माझा. सोनबाला विचारलं, तर तो त्या दिवशी नेमका म्हणाला, "बगितल्यासारका वाटतुया." शेवटी त्यांनी कागदावरचा नंबर बघून वेल्ह्याला फोन लावला.

रखमाजी म्हणाला, "व्हय, म्हातारा आमचाच. आन् पोरगा बी आमचाच. जाऊ द्या दोघान्ला."

ते सुटले आणि चालायला लागले, तर सोनबा खांबापाशी थांबला. आता एक डोळा चांगला झाला होता. त्यानं फेटा बांधलेल्या, दात दाखवून हसणाऱ्या माणसाकडं निरखून बघितलं.

"ह्यो कोण रं म्हातारा?"

"चुकल्याला म्हातारा हाय, बाबा. चला."

"मग ह्याला कुणी हुडकतंय का न्हाई?"

"हुडकत्यात की."

"नुसतं हुडकून काय हुतंय? ह्यो बग, नंबर दिलाय खाली," सोनबा म्हणाला. "फोन लाव त्यान्ला."

त्याला तिथनं हलवता हलवेना. लोक परत जमायला लागले. तेव्हा गोरखनं मुकाट्यानं नाणं काढलं आणि रखमाजीच्या दुकानातला फोन पुन्हा वाजला.